कुणाचा हात लागला नाही

बाईंच्या घरात एक करार होता. तो कुणी कधी बोलून केला नव्हता, पण दोन्ही बाजूंनी इमानानं पाळला जात होता. आठवडाभर बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. वर्षातून एकदा नववीच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा यायचा. तेव्हा त्या फळ्यावर खडूनं एक मासा काढायच्या, मग पायांसारखे पर असलेला त्याचा भाऊबंद, मग सरडा, आणि घंटा व्हायच्या आत माणसापर्यंत येऊन पोचायच्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांचा नवरा प्रार्थनाघरात उभा राहून ग्रंथ वाचायचा. त्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर जग घडवणारा एकेक जीव आपल्या हातानं घडवत जातो. बाई पुढच्या रांगेत बसून डोळे मिटून ते ऐकायच्या, आणि मनापासून ऐकायच्या.

नवरा सुतारकाम करायचा. गावात बायकोला सगळे बाई म्हणत आणि त्याला नुसतं सुतार. "आमच्या घरात मान कुणाला आहे ते यावरूनच ओळखा," असं तो स्वतःच सांगत सुटायचा. शिक्षण बेताचं, पण आवाज असा की तो वाचायला लागला की मागच्या रांगेतली माणसं खोकलासुद्धा आवरून धरत. प्रार्थनाघराचे प्रमुख त्याचे सख्खे थोरले भाऊ होते. त्यांना सगळेच दादा म्हणत. वाचनाचं काम दादांनीच धाकट्याला दिलं होतं. "रंधा मारून मारून याचा आवाजसुद्धा गुळगुळीत झालाय," असं ते म्हणायचे.

लग्न झालं त्या वर्षी सुतारानं बायकोला विचारलं होतं, "म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे माकड माझा आजोबा?"

"आजोबा नाही हो. चुलत भाऊ."

"घ्या! आधीच भाऊबंदकी काय कमी होती?"

तेवढ्यावर तो विषय मिटला. कधी एखादा पालक शाळेत येऊन कुरकुर करायचा, की बाई, तुम्ही मुलांना हे शिकवता आणि प्रार्थनेला पुढच्या रांगेत बसता, हे कसं काय? बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "जग कसं झालं ते मी सांगते. कशासाठी झालं ते आमचे हे वाचतात. आमची कामं वेगळी आहेत, भांडण कशाला होईल?" हे त्या हसून म्हणायच्या, पण वरवरचं नसायचं ते. सूक्ष्मदर्शकाखाली पानाचा पातळ काप बघताना त्यांना जे वाटायचं, तेच प्रार्थनाघरात डोळे मिटल्यावर वाटायचं. ही दोन घरं आहेत असं त्यांना कधी जाणवलंच नव्हतं.

लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगा झाला. बोलायला लागला त्या दिवसापासून तो हुकूम सोडायचा. पाणी हवं, ते निळ्या पेल्यात हवं, आणि बाबांनीच द्यायला हवं. म्हणून त्याचं नाव सरकार पडलं. दादांना मूलबाळ नव्हतं, बायको फार पूर्वीच गेलेली. त्यांचा सगळा जीव सरकारात. प्रार्थनाघराच्या पायऱ्या ते त्याला पाठीवर घेऊन चढायचे आणि दारातच ओरडायचे, "बाजूला व्हा, सरकार आलंय!"

तो साडेचार वर्षांचा असताना एके दिवशी अंगणात पडला. पडणं काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते उठणं. आधी चार पायांवर झाला, मग गुडघ्यांवर हात टेकले, मग मांड्यांवरून हात वर वर नेत, स्वतःच्याच अंगावर शिडीसारखा चढत उभा राहिला.

"बघ, बघ, म्हातारबाबा कसे उठतायत!" सुतार हसून म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. असं उठणारं मूल त्यांनी कॉलेजच्या पुस्तकात, एका छोट्या चित्रात पाहिलं होतं. त्या आत गेल्या, हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

तपासण्या झाल्या. रक्त एका मोठ्या शहरात पाठवावं लागलं. महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. आजाराचं नाव बाईंना माहीतच होतं. स्नायू हळूहळू झिजत जाणार, दहा-अकरा वर्षांचा होईतो पाय जाणार, मग हात, मग शेवटी श्वास आणि काळीज. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही, आणि बोलताना एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

"हे माझ्याकडून गेलंय ना?" बाईंनी विचारलं. "हा आजार आईकडून मुलाला येतो. शिकवते मी हे."

"बहुतेक वेळा तसंच असतं. म्हणून तुमचंही रक्त तपासलं. तुमच्यात तो दोष नाही. मुलाच्या एका जनुकातला तुकडा गळालाय, तुमच्यात तो शाबूत आहे. बीज तयार होताना जनुकाची नक्कल होते, त्यात तो कुठेतरी गळाला. नव्यानं झालंय हे."

"म्हणजे कुणाकडून आलं?" सुतारानं विचारलं.

"कुणाकडूनच नाही."

त्याला ते नीट समजलं नाही. बाईंना समजलं, आणि नको तितकं समजलं. स्त्रीच्या अंगात ही बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात. म्हणजे कदाचित त्यांचा जन्मसुद्धा झालेला नव्हता, तेव्हा कुठल्याशा एका क्षणी तो तुकडा गळाला होता. त्यानंतर त्या शाळेत गेल्या, पहिल्या आल्या, लग्न करून या घरात आल्या, आणि तो गळालेला तुकडा तेवढा वेळ त्यांच्या आत वाट बघत बसला होता.

पुढची वर्षं कामाची गेली. रडायला फुरसत नव्हती असं म्हटलं तरी चालेल. सुतारानं आधी घरातले सगळे उंबरे काढले. मग भिंतींना मुलाच्या उंचीचे कठडे लावले, आणि दर सहा महिन्यांनी ते वर सरकवण्याऐवजी खाली सरकवत गेला, कारण मुलगा वाढत होता तरी हात वर जात नव्हते. न्हाणीघरात बसायची फळी केली. खुर्ची आली तेव्हा तिच्या चाकांच्या मापानं दारं रुंद केली. टेबल असं केलं की सरकारची कोपरं त्यावर टेकली की बोटं पुस्तकाच्या पानापर्यंत पोचावीत. दुकानात गिऱ्हाइकांची कपाटं महिना महिना अर्धवट उभी असायची. कुणी तक्रार करत नव्हतं.

सरकारचं डोकं मात्र तल्लख होतं. आईची सगळी पुस्तकं त्यानं वाचून काढली. हातात पान उलटायचं बळ राहिलं नाही तेव्हा हुकूम सोडायचा, "पान!" आणि जो कोणी जवळ असेल त्यानं येऊन उलटायचं. दादा तर तासन् तास बसून उलटायचे. काय वाचतोय ते त्यांना आवडायचं नाही, पण पान उलटायचे.

तो पंधरा वर्षांचा होता. एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी, जेवणं झाल्यावर त्यानं बापाला विचारलं, "बाबा, आज तुम्ही वाचलंत, घडवणाऱ्यानं प्रत्येकाला आपल्या हातानं घडवलं."

"हो."

"माझ्या वेळी त्याला कुणी हाक मारली होती का? लक्ष दुसरीकडे गेलं असेल."

तो हसत होता. त्याला टोचून बोलायचं नव्हतं, खरंच गंमत करायची होती. सुताराच्या हातात दाराच्या बिजागरीचा स्क्रू होता. तो त्यानं खाली ठेवला.

उत्तर बाईंनी दिलं. "तुला कुणाचा हात लागला नाही, राजा. प्रत्येक मूल जन्मतं तेव्हा नक्कल होताना त्याच्यात साठ-सत्तर फरक पडलेले असतात. माझ्यात आहेत, बाबांच्यात आहेत. बहुतेकांनी काही होत नाही. एखाद्यानं नुकसान होतं. एखाद्यानं क्वचित फायदा होतो, आणि तो पुढे राहतो. फरक पडलेच नसते तर जगात कोणीच नसतं. नुसतं शेवाळ असतं. शेवाळसुद्धा नसतं."

सरकारनं विचार केला. "म्हणजे मासा पाण्याबाहेर यायला जे लागलं, तेच मला लागलं."

"हो. तेच."

"महाग पडला मासा," सरकार म्हणाला आणि मोठ्यानं हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारत त्याला पुढे वाकवलं.

सुतार तसाच दाराशी बसून राहिला. त्या दिवसापासून तो बायकोला प्रश्न विचारायला लागला. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, मध्येच. "हा फरक पडतो, तो कोणी पाडत नाही ना?" "त्याला थांबवता येत नाही का?" "अगदी पहिल्यापासून असंच चाललंय?" बाई शाळेत सांगायच्या तसं समजावून सांगायच्या. त्यांना वाटलं, पोराचा आजार कळावा म्हणून विचारतोय. तो त्याहून मोठं काहीतरी समजून घेत होता, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सरकार सतरा वर्षं आणि चार महिन्यांचा होऊन गेला. छातीत कफ भरला आणि पाच दिवस उतरला नाही. सहाव्या दिवशी दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, दवाखान्याच्या खोलीत ऊन अर्ध्या पलंगावर आलं होतं. सुतार पडदा ओढायला उठला. सरकारनं मान हलवून नको म्हटलं. तोंडावर श्वासाचं यंत्र लावलेलं, त्यामुळे बोलता येत नव्हतं. बाईंनी त्याचा हात हातात घेतला होता. त्या हातात बळ तसंही कधीचंच नव्हतं, त्यामुळे तो नेमका केव्हा गेला ते त्यांना कळलं नाही. नर्सनं येऊन सांगितलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. दादा बोलायला उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या बाईंकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग म्हणाले, "देवानं त्याला असाच घडवला होता. काहीतरी हेतू धरूनच घडवला असणार. आपल्याला तो आज कळत नाही. पण त्याच्या हातून चूक होत नाही."

मग वाचनाची वेळ झाली. पान तेच होतं, पहिलं. सुतार उठून पुढे गेला, ग्रंथ उघडला, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि बंद केला.

"मी सुतार आहे," तो म्हणाला. "मी एखाद्याला मुद्दाम मोडकी खुर्ची करून दिली, आणि म्हटलं की यात माझा हेतू आहे, तर तो माझ्या दुकानात पुन्हा पाय ठेवेल का? दहा वर्षं मी रोज देवाशी भांडलो, की तू हे का केलंस. मग माझ्या बायकोनं मला सांगितलं की कुणाचा हात लागला नाही. जीव वाढत जातात, नक्कल होत जाते, कुठेतरी फरक पडतो. त्यातूनच मासे झाले, पाखरं झाली, आपण झालो. त्यातूनच माझ्या पोराचे पाय गेले. झाडाला फांदी फुटते तिथे लाकडात गाठ पडते. ती कुणी घालत नाही. गाठ नको असेल तर फांदीही नको, पण मग ते झाड नाही, खांब आहे. देवानं झाड वाढू दिलं. गाठ त्यानं घातली नाही. हे मला पटलं तेव्हा कुठे मला त्याच्यासमोर पुन्हा उभं राहता आलं. म्हणून आज मी हे पान वाचणार नाही. त्याच्यावर मी आळ घेणार नाही."

बाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. नवऱ्याच्या तोंडून आपलेच शब्द बाहेर पडताना त्या ऐकत होत्या, आणि आपण हे कधी बोललो होतो ते त्यांना जणू आठवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादा दुकानात आले. सुतार एका फळीला रंधा मारत होता.

"धाकट्या, दुःखात माणूस काहीही बोलतो," दादा म्हणाले. "पुढच्या वेळी तेवढं सांग, की दुःखात बोललो. मिटेल सगळं."

"दुःखात नाही बोललो, दादा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शुद्धीत बोललो."

"तुला बरं वाटलं असेल. पण तिथे मागे तीन बाया बसल्या होत्या, पोरं गमावलेल्या. त्यांना मी काय सांगू? की कुणाचं लक्षच नव्हतं?"

"लक्ष होतं. हात नव्हता."

"हे तुला कळतं. मला कळत नाही. त्यांना तर नाहीच." दादांनी फळीवरचा भुसा हातानं झटकला. "मग तू वाचू नकोस. मी दुसरा कोणीतरी बघतो."

"बरं," सुतार म्हणाला आणि पुन्हा रंधा मारायला लागला. दादा थोडा वेळ थांबले. लाकडाच्या सालींचा ढीग वाढत गेला. मग ते निघून गेले.

त्यानंतरही सुतार प्रार्थनेला जात राहिला. फक्त आता शेवटच्या बाकावर बसायचा. पेढीवर काम करणारा एक तरुण माणूस वाचायला लागला होता. तो भरभर वाचायचा आणि अवघड शब्दाशी अडखळायचा. बाई आधी दोन-तीनदा गेल्या, मग जाईनाशा झाल्या. डोकं दुखतंय, वह्या तपासायच्यात, असं काहीतरी सांगायच्या. सुतारानं कधी खोदून विचारलं नाही.

शाळेत तो धडा आला. बाईंनी फळ्यावर मासा काढला. पायांसारखे पर काढले. 'उत्परिवर्तन' हा शब्द लिहिला आणि वर्गाकडे वळल्या. तेवीस वर्षं ज्या वाक्यानं त्या पुढे जायच्या, ते वाक्य ओठांवर होतं, की हे बदल हेतू ठेवून होत नाहीत. ते त्यांनी म्हटलंही. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "बाई, मग देव काय करतो?"

चिडवायला नव्हतं विचारलेलं. मुलगी साधी होती, वही उघडून उत्तर लिहून घ्यायला बसली होती. बाईंकडे उत्तर होतं, घासून गुळगुळीत झालेलं. कसं ते मी सांगते, कशासाठी ते... त्यांनी तोंड उघडलं आणि 'कशासाठी'पाशी येऊन त्या थांबल्या. वर्ग वाट बघत होता. कुणाच्या तरी बाकाखाली पेन्सिल घरंगळत गेली.

"पुढचं पान काढा," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी नवऱ्याला सांगितलं. कणीक मळता मळता, त्याच्याकडे न बघता. "मला प्रार्थना करता येत नाही हो. डोळे मिटले की समोर काहीच नसतं."

सुतार खुर्ची ओढून जवळ बसला. "अगं, पण तूच तर मला समजावलंस. त्यानं हे केलं नाही, हे तुझ्यामुळे कळलं मला. तेव्हापासून मला त्याच्याशी बोलता येतंय."

"त्यानं केलं नाही, हे खरं. पण थांबवलंही नाही ना? ज्या गोष्टीनं पोर नेलं, त्याच गोष्टीवर त्यानं सगळं जग चालवायला सोडलं. कोट्यवधी वर्षं. माझ्यासारख्या किती आया झाल्या असतील, माणसांच्या, जनावरांच्या. त्या सगळ्यांचं काय? मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मला ते सुंदर वाटायचं. आता मी त्या माशाकडे बघू शकत नाही."

"तो आपल्यासोबत रडत असेल," सुतार हळूच म्हणाला.

"रडायला आपण दोघं पुरे आहोत. तिसरा कशाला हवा?"

सुतारानं तिच्या हातातली परात बाजूला केली आणि तिचे पिठानं भरलेले हात आपल्या हातात धरले. दोघं तशीच बसली. बाईंना वाईट वाटत होतं ते आणखी एका गोष्टीचं. त्याला मिळालेला दिलासा त्यांनीच दिलेला होता, आणि त्यातला घासभरही त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

पंधरा-वीस दिवसांनी, सुतार दुकानात असताना, दादा घरी आले. बाईंनी पाणी दिलं. दादा खुर्चीच्या कडेवर बसले, जणू लगेच उठायचं आहे.

"बाई, तुझं तो ऐकतो," ते म्हणाले. "त्याला सांग. आवाज फुकट चाललाय. त्या पोराचं वाचन ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. मला माहीत आहे, हे तुझ्या पुस्तकातून आलंय. मी तुला दोष देत नाही. पण त्याचा विश्वास गेला त्यानं, आणि तो तूच परत आणू शकतेस."

"दादा, त्यांचा विश्वास कुठे गेलाय?" बाई म्हणाल्या. "त्यांचा तर आहे. पूर्वीपेक्षा घट्ट आहे. गेलाय तो माझा."

हे दादांच्या ध्यानीमनी नव्हतं. एकाच पुस्तकानं एकाला देव परत दिला आणि दुसऱ्याचा काढून घेतला, हे त्यांच्या कुठल्याच प्रवचनात बसत नव्हतं.

मग ते म्हणाले, "आळ. हा शब्द त्यानं वापरला ना, तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही. मी रोज सकाळी उठून म्हणतो, त्याची इच्छा. म्हणजे रोज उठून त्याच्यावर आळच घेतो की काय?"

"तुम्हाला तसं वाटत असेल, तर सोडून द्या ते म्हणणं."

"कसं सोडू?" दादांचा आवाज फाटला. "तुझी जाऊ गेली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. पोटात मूल होतं. त्याची इच्छा असं म्हणून मी उभा राहिलो. ती इच्छा काढून घेतली तर ती नुसतीच मेली, बाई. कशासाठी नाही. नुसतीच. मला ते पेलणार नाही. आता या वयात तर नाहीच."

बाईंना त्यांना काहीतरी सांगावंसं वाटलं. पण जे खरं वाटत होतं त्यानं दिलासा मिळणार नव्हता, आणि ज्यानं दिलासा मिळाला असता ते त्यांच्याजवळ उरलं नव्हतं. त्या उठल्या आणि चहा ठेवला. चहा होईपर्यंत दादा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. सरकारचा पलंग तिथे अजून होता, गादी गुंडाळून ठेवलेली. दादांनी चहा उभ्याउभ्याच घेतला. जाताना म्हणाले, "त्याला काही सांगू नकोस मी आलो होतो ते." आणि मग, चपला घालता घालता, "तो मागे एकटाच बसतो गं. त्याच्या बाकावर कुणी बसत नाही. मी समोरून बघतो, पण मला काही करता येत नाही."

हे बाईंना माहीत नव्हतं. सुतारानं कधी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटायचं, तो जातो, बसतो, प्रार्थना करून येतो, त्याला बरं वाटतं. लोक त्याच्या शेजारची जागा सोडून बसतात, आणि तरी तो दर आठवड्याला इस्त्रीचा शर्ट घालून जातो, हे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सुतार निघायच्या तयारीत होता. बाईंनी पदर सारखा केला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"तुमच्याबरोबर."

सुताराचा चेहरा उजळला, आणि तिच्याकडे नीट बघितल्यावर पुन्हा उतरला. "प्रार्थनेला?"

"नाही. बसायला."

दोघं चालत गेली. वाटेत दोन-तीन जण भेटले, त्यांनी मान हलवली आणि पुढे निघून गेले. आत गेल्यावर सवयीनं बाईंचे पाय पुढच्या रांगेकडे वळले, मग त्या थांबल्या आणि मागे आल्या. शेवटचा बाक चांगला लांब होता, सहा माणसं सहज मावतील असा. सुतार एका टोकाला बसला. बाई त्याला लागून बसल्या.

पुढे बसलेल्या बायकांनी वळून पाहिलं. दादांनीही पाहिलं, आणि लगेच ग्रंथाकडे नजर फिरवली. तो तरुण वाचायला लागला, भरभर, पहिल्याच ओळीत अडखळत. सुतारानं डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. तो काय म्हणत होता ते बाईंना ऐकू आलं नाही, आणि त्यांनी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. त्यांचे डोळे उघडे होते. समोरच्या भिंतीचा रंग एका जागी फुगून सुटला होता, त्याकडे त्या बघत होत्या.

प्रार्थना लांबली. मध्येच सुताराच्या गालावरून पाणी ओघळलं. ते पुसायला त्यानं हात वर केला नाही, कारण त्याचा तो हात बाईंनी धरून ठेवला होता. मग बाईंनीच दुसऱ्या हातानं, पदराच्या टोकानं, ते पुसलं आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसल्या.